पेशींचा खुराक आणि संगणकाचा हिशेब

आमच्या वाचकांत कुणी रंगाईचे काम करतो, कुणी बेकरी चालवतो, कुणी अत्तर बनवतो. धंदे वेगळे असले तरी एक गोष्ट सर्वांकडे सारखी असते, ती म्हणजे कृती. कोणता जिन्नस किती, कधी आणि किती गरम, हे ज्याला कळले तो उस्ताद. माप चुकले की माल बिघडतो आणि गिऱ्हाईक तुटते.

आज आम्ही अशाच एका कृतीविषयी लिहिणार आहोत. येथे माल म्हणजे कर्करोग, संधिवात यांसारख्या आजारांवरील औषधे. कारागीर म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारी जिवंत पेशी. या पेशीला ज्या द्रवात वाढवतात त्या द्रवाची कृती ठरवण्यासाठी आता संगणकाची मदत घेतली जाते.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याला तीन कारणे आहेत. ही औषधे आपल्याही घरांत येऊ लागली आहेत आणि ती महाग आहेत. दुसरे, त्या द्रवात काय घालतात हा हलाल-हरामशी संबंधित प्रश्न आहे. तिसरे, या कामात माल पुरवणाऱ्याला आणि हिशेब जाणणाऱ्या तरुणाला जागा आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

प्रतिपिंड म्हणजे काय?

शरीरात रोगजंतू शिरला की रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी एक प्रथिन तयार करतात. ते त्या जंतूला नेमके जाऊन चिकटते, जशी एका कुलुपाला एकच किल्ली लागते. या प्रथिनाला प्रतिपिंड किंवा अँटीबॉडी म्हणतात. १९७५ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची पद्धत शोधली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

पुढे यातूनच औषधे निघाली. लिम्फोमा या कर्करोगावरील रिटुक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ साली आणि स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारावरील ट्रास्टुझुमॅबला १९९८ साली परवाना मिळाला. आपल्या देशात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅब आणि बंगळुरूच्या बायोकॉनने २०१४ मध्ये ट्रास्टुझुमॅब स्वतः तयार करून बाजारात आणले.

साधी गोळी रसायने एकत्र करून बनवता येते. प्रतिपिंड तसे बनत नाही. त्याच्या चार साखळ्यांत मिळून तेराशेच्या आसपास अमिनो आम्ले एका ठरलेल्या क्रमाने गुंफलेली असतात आणि वर साखरेचे लहान तुरे असतात. हे विणकाम जिवंत पेशीच करू जाणे. त्यासाठी कारखान्यांत बहुधा ज्या पेशी वापरतात त्यांचा वंश १९५७ पासून चालत आला आहे. त्या साली अमेरिकेत थिओडोर पक यांनी चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीएचओ’ पेशी म्हणतात. या पेशीत प्रतिपिंडाचा नमुना, म्हणजे जनुक, बसवतात. मग ती वाढता वाढता प्रतिपिंड बनवून भोवतीच्या द्रवात सोडत राहते.

मोठ्या कारखान्यात अशी पोलादी टाकी १० हजार लिटरची किंवा त्याहूनही मोठी असते. आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवतात, प्राणवायू सोडतात, सामू सांभाळतात. साधारण १० ते १४ दिवसांनी द्रव काढून, पेशी गाळून टाकून त्यातील प्रतिपिंड शुद्ध करतात.

खुराकावर सारे अवलंबून

पेशीला पोट नाही, तोंड नाही. ती ज्या द्रवात तरंगते तोच तिचा खुराक, तेच तिचे घर आणि तिची घाणही त्यातच साचते. या द्रवात ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार आणि जस्त, तांबे, मँगनीज यांसारखे धातू अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. जिन्नस मोजले तर पन्नासच्या वर सहज जातात.

खुराक सुधारल्याने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहा. १९८० च्या दशकात एका लिटर द्रवातून ५० ते १०० मिलिग्रॅम प्रतिपिंड मिळणे हे चांगले उत्पन्न होते. आज लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे १० हजार लिटरच्या ज्या टाकीतून पूर्वी अर्धा ते एक किलो माल निघाला असता, तिच्यातून आज ३० ते ५० किलो निघतो. शुद्धीकरणात थोडी घट जाते ती वेगळी. ही वाढ दोन गोष्टींमुळे झाली. एक, जास्त उत्पन्न देणारे पेशीवाण निवडले गेले. दुसरी, त्यांचा खुराक सुधारला.

मात्र येथे एक खुलासा केला पाहिजे. औषधाची किंमत केवळ खुराकावर ठरत नाही. संशोधनाचा खर्च, रुग्णांवरील चाचण्या, पेटंट आणि कंपनीचा नफा हे सर्व तिच्यात असते. पण त्याच टाकीत, तेवढ्याच दिवसांत दुप्पट माल निघाला तर उत्पादनखर्च उतरतो. स्वस्त औषध काढू पाहणाऱ्या देशी कंपनीसाठी ही मोठी गोष्ट आहे.

बंद पोत्याचा हिशेब कसा करणार?

पेशींना नेमके काय लागते याचा शोध अमेरिकेतील हॅरी ईगल यांनी १९५० च्या दशकात घेतला. त्यांची पद्धत साधी होती. द्रवातून एकेक जिन्नस वगळायचा आणि पेशी जगतात की मरतात ते पाहायचे. १९५९ साली त्यांनी किमान आवश्यक जिन्नसांची यादी प्रसिद्ध केली. पण तेवढ्यावर पेशी नीट वाढत नसत. त्यात साधारण ५ ते १० टक्के रक्ताचा सीरम घालावा लागे. हा सीरम बहुतेक वेळा कत्तलखान्यात गाभण गाईच्या पोटातील वासराच्या रक्तापासून काढलेला असे.

सीरममध्ये शेकडो पदार्थ असतात आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक खेपेस वेगळे असते. तोंड शिवलेले पोते न उघडता घ्यावे, तसा हा व्यवहार. एका खेपेत पेशी जोमाने वाढत, दुसरीत रुसत. शिवाय सीरममधील परकी प्रथिने औषधातून वेगळी करणे कटकटीचे. त्यातच १९८६ मध्ये ब्रिटनमधील गुरांत ‘मॅड काऊ’ हा रोग आढळला आणि गुरांपासून मिळणाऱ्या प्रत्येक पदार्थाविषयी औषध कंपन्या सावध झाल्या.

आपल्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. रक्त हराम आहे, हे आपल्यातील लहान मूलही जाणते. अशा द्रवात तयार झालेले आणि पुढे पूर्ण शुद्ध केलेले औषध आजाऱ्याने घ्यावे की नाही, हा मसला उलेमांचा आहे. तो आम्ही येथे सोडवू पाहत नाही. कुणीही केवळ शंकेवरून चालू उपचार थांबवू नयेत. डॉक्टरांचा आणि जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

सांगण्यासारखी गोष्ट ही की, व्यापाराच्या आणि सुरक्षिततेच्या कारणांनी का होईना, हा उद्योग सीरमपासून दूर गेला आहे. प्रतिपिंडांच्या नव्या उत्पादनात आता बहुतांशी असा द्रव वापरतात ज्यातील प्रत्येक जिन्नस नावाने आणि वजनाने माहीत असतो. आणि येथेच संगणकाला दार उघडले. ज्याचे वजनच माहीत नाही त्याचा हिशेब कुठलाही संगणक करू शकत नाही. पोते उघडले, जिन्नस तोलले, तेव्हाच खातेवही मांडता आली.

हाताने करून पाहायचे तर ११३ वर्षे

आता प्रश्न मापाचा. पन्नास जिन्नसांपैकी फक्त दहा निवडले आणि प्रत्येकाची कमी, मध्यम, जास्त अशी तीन मापे धरली, तर किती मिश्रणे होतील? ५९ हजार ४९. एक प्रयोग १४ दिवसांचा आणि एका वेळी २० बाटल्या लावल्या, तर हे काम संपायला सुमारे ११३ वर्षे लागतील. रुग्ण इतका काळ थांबू शकत नाही आणि कंपनीही नाही.

मग एकेक जिन्नस बदलून का पाहू नये? त्यात फसगत होते. रंगाईवाल्या वाचकांना हे लगेच पटेल. सुती कापडावर रंग चढवताना मीठ, सोडा आणि उष्णता यांचा मेळ लागतो. मीठ वाढवले पण सोडा कमी असला तर रंग पक्का होत नाही, आणि आपण समजतो की मिठाचा उपयोग नाही. पेशींचेही असेच. द्रवात सिस्टिन हे अमिनो आम्ल कमी असेल, तर टायरोसिन कितीही वाढवले तरी उत्पन्न वाढत नाही. उणीव एका जागी आणि आपण ओततो दुसऱ्या जागी.

पहिली युक्ती : थोडे प्रयोग, पूर्ण माहिती

यावर पहिला उपाय संख्याशास्त्राने दिला. इंग्लंडमधील रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी अनेक गोष्टी एकाच वेळी, पण ठरलेल्या आखणीने बदलण्याची रीत बसवली. १९४६ मध्ये प्लॅकेट आणि बर्मन यांनी दाखवले की, ११ जिन्नसांची दोन-दोन मापे तपासायला २,०४८ प्रयोगांची गरज नाही. नीट आखलेल्या १२ प्रयोगांत कोणता जिन्नस महत्त्वाचा, याचा अंदाज येतो. याच सुमारास कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत सी. आर. राव यांनीही अशा आखणीच्या शास्त्रात मोलाची भर घातली. आपल्या देशाला त्याचा रास्त अभिमान वाटावा.

या बारा प्रयोगांतून दोन-चार महत्त्वाचे जिन्नस हाती लागले की त्यांची मापे बारकाईने बदलतात. संगणक प्रत्येक मापाला किती उत्पन्न येईल त्याचा नकाशा काढतो. हा नकाशा डोंगरासारखा असतो. जिथे शिखर दिसते तिथले माप घ्यायचे. ही रीत बॉक्स आणि विल्सन यांनी १९५१ मध्ये मांडली. आजही ती सर्वत्र वापरात आहे.

दुसरी युक्ती : पेशीची खातेवही

पहिल्या युक्तीत पेशीच्या आत काय चालते ते पाहावे लागत नाही. दुसऱ्या युक्तीत नेमके तेच पाहतात. हा हिशेब आपल्या जमाखर्चासारखाच आहे. जेवढे आत गेले तेवढे कुठे तरी निघालेच पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. पेशी घाईत असली की ग्लुकोज पुरते न जाळता त्याचे लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकते. एक ग्रॅम ग्लुकोजचे असे एक ग्रॅम लॅक्टिक आम्ल बनते. समजा लिटरमागे ९ ग्रॅम ग्लुकोज संपले आणि द्रवात ३ ग्रॅम लॅक्टिक आम्ल सापडले. म्हणजे एक तृतीयांश खुराक वाया गेला. वर आम्ल साचून पेशींचीच तब्येत बिघडली. ग्लुटामिन या अमिनो आम्लाचेही असेच. ते जास्त घातले तर अमोनिया साचतो. म्हणजे भरपूर खायला घालणे हा इलाज नव्हे. लागेल तेवढे, लागेल तेव्हा घालणे हा इलाज आहे. म्हणून आता सगळा खुराक पहिल्याच दिवशी न ओतता दिवसांच्या हिशेबाने थोडा थोडा सोडतात.

एका जिन्नसाचा हिशेब कागदावर होतो. पण पेशीत अशा हजारो घडामोडी एकाच वेळी चालू असतात. २०११ मध्ये सीएचओ पेशीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे २०१६ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून या पेशीची संगणकी खातेवही तयार केली. तिच्यात १,७६६ जनुके आणि ६,६६३ रासायनिक क्रिया मांडल्या आहेत. प्रत्येक क्रिया म्हणजे एक समीकरण. व्यापाऱ्याजवळ भांडवल ठरलेले, गोदाम ठरलेले, मग कोणता माल किती भरला तर फायदा जास्त? संगणक पेशीसाठी हेच गणित सोडवतो. इतका खुराक दिला तर जास्तीत जास्त किती प्रतिपिंड निघेल आणि कोणता जिन्नस आधी संपेल, ते तो सांगतो.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. समीकरणे सोडवण्याचे शास्त्र नीट मांडणारे मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेले. ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्यांच्या ग्रंथाच्या नावातून आला. संगणकवाल्यांच्या तोंडी सतत असणारा ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्या नावावरून पडला. जो वारसा आपला होता तो आपल्याच मुलांना परका वाटावा, याची खंत वाटते.

तिसरी युक्ती : शिकणारा संगणक

अलीकडे आणखी एक रीत आली आहे. झालेल्या प्रयोगांचे आकडे संगणकाला देतात. तो त्यांतून अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाची खात्री किती तेही सांगतो. मग पुढचा प्रयोग कुठे केला तर सर्वांत जास्त शिकायला मिळेल, ते तोच सुचवतो. प्रयोग करायचा, निकाल पुन्हा त्याला द्यायचा, असे चक्र चालते. जुना उस्ताद एका घाण्यावरून दुसऱ्याचे माप सुधारतो. हे तसेच आहे, फक्त संगणक पन्नास जिन्नस एकदम ध्यानात ठेवतो.

संगणकाला काय कळत नाही?

पण संगणकावर डोळे मिटून विश्वास ठेवणेही चूक. तो सांगेल की टायरोसिन वाढवा. प्रत्यक्षात टायरोसिन पाण्यात फार थोडे विरघळते. जास्त घातले तर तळाशी साका बसतो. खातेवहीत साक्याची नोंद नसते. एका वाणाच्या पेशींना मानवलेला खुराक दुसऱ्या वाणाला मानवतोच असे नाही. लहान बाटलीतील यश मोठ्या टाकीत टिकेल याची हमी नसते, कारण तिथे हवा आणि ढवळणे वेगळे असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्पन्न वाढले तरी माल तोच राहिला पाहिजे. प्रतिपिंडावरील साखरेच्या तुऱ्याचा परिणाम औषधाच्या गुणावर होतो, आणि तो तुरा द्रवातील मँगनीजच्या सूक्ष्म प्रमाणानेही बदलतो. वजन वाढले आणि गुण गेला तर ती भेसळच म्हणावी लागेल. म्हणून परवाना मिळाल्यानंतर कृती बदलायची असेल, तर औषध पूर्वीसारखेच आहे याचा पुरावा सरकारी यंत्रणेपुढे ठेवावा लागतो. संगणक वाट दाखवतो, निवाडा प्रयोगच करतो.

आपल्या व्यापाऱ्यांसाठी आणि तरुणांसाठी

या उद्योगाला शुद्ध क्षार, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे लागतात. मुंबईची हायमीडिया कंपनी असे पोषक द्रव तयार करते आणि पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेव्हा हे काम आपल्या राज्याला परके नाही. पण रसायनांचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी एक ध्यानात घ्यावे. येथे नुसता भाव चालत नाही. प्रत्येक खेपेचा क्रमांक, तपासणीचा दाखला, साठवणीची नोंद आणि मालाचा उगम, हे सर्व कागदावर लागते. क्षारात मँगनीज किंवा लोखंडाचा कण कमी-जास्त असला तरी पुढे औषध बदलू शकते.

उगमाचा प्रश्न तर आपल्याला आपणहून विचारता आला पाहिजे. सिस्टिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले केस आणि पिसांपासूनही काढता येतात. तीच किण्वनाने किंवा रसायनांपासूनही बनतात. पोषक द्रवातील इन्सुलिन पूर्वी जनावरांच्या ग्रंथीतून येई. आता ते सूक्ष्मजीवांकडून करवून घेता येते. औषध कंपनी जंतूंच्या भीतीने ‘हा माल प्राणिजन्य नाही’ असा दाखला मागते. मुसलमान व्यापारी ईमानापोटी हाच प्रश्न पूर्वीपासून विचारत आला आहे. मापात आणि तोलात खोट करणाऱ्यांना कुरआनने कडक ताकीद दिली आहे. ती ज्याच्या मनात ठसली आहे त्याला या धंद्याची शिस्त जड जाणार नाही.

आता मुलांविषयी. आपल्याकडे विज्ञान शाखेला जाणारा मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली नाही की घरात निराशा पसरते. वस्तुतः या कामाला असे तरुण हवे आहेत ज्यांना जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र कळते आणि जे आकड्यांना भीत नाहीत. बी.एस्सी. करणाऱ्यांनी संख्याशास्त्राचा विषय टाळू नये आणि संगणकावर आकडे मांडायला शिकावे. ज्याच्या वडिलांनी आयुष्यभर रंगाच्या कढईवर मापे जुळवली, त्याच्या रक्तात हे कसब आहेच. त्याला फक्त विद्येची जोड हवी.

तात्पर्य एवढेच की, चांगला माल तयार करायचा तर आधी प्रत्येक जिन्नस ओळखावा, प्रामाणिकपणे तोलावा, त्याची नोंद ठेवावी आणि मगच हिशेबाला बसावे. पोते बंद होते तोवर संगणकही लाचार होता. आपल्या दुकानात आणि कारखान्यात किती पोती अजून बंद आहेत, याचा प्रत्येकाने विचार करावा. अल्लाह आपल्याला हलाल रोजी, खरे माप आणि उपयोगी विद्या मिळवण्याची तौफीक देवो. आमीन.